सासूबाईंचं ‘हाय’

मंडळी, अजून हसू आवरत नाहीये.

माझं एम.एस्सी. निम्मं ऑनलाइन, निम्मं कॉलेजात. लग्न होऊन उरवडे गावात आल्यापासून तास घरूनच करत होते. पण या शनिवारपासून प्रॅक्टिकल, म्हणजे दिवसभर पुण्यात. सासूबाईंना सांगायचं कसं, या धास्तीनं झोप उडाली होती.

आज सकाळी तास चालू असतानाच दूध उतू जायला लागलं, म्हणून पळाले. माइक चालूच राहिला आणि नेमकं मॅडमनी हजेरीला माझं नाव घेतलं.

सासूबाई लॅपटॉपपुढे वाकून म्हणाल्या, “हाय!”

त्यांना म्हणायचं होतं ‘आहे’. मॅडमना ऐकू आलं इंग्रजी.

“हॅलो! आपण कोण?”

“सासू तिची. ती हाय हितंच, दूध बघाया गेलीया.”

सगळा वर्ग खो-खो हसला. मी दारातच थिजले. मॅडम म्हणाल्या, “मावशी, शनिवारी तिला प्रॅक्टिकलला पाठवाल ना?”

“धाडीन की! पर तिनं मला इचारलंय कुटं?”

हुश्श! म्हणजे इतके दिवस मनातल्या मनात विचारत मीच होते, आणि सासूबाईंच्या वतीनं ‘नाही’ म्हणतही मीच होते.

तुम्हीही घरातल्या कुणाचं उत्तर असं परस्पर देऊन टाकलंय का?