उजव्या हाताचा हुकूम

माझ्या सासूबाईंना कारखान्यात सगळे ‘उसवणबाई’ म्हणत. यंत्रावर विणलेले लोकरीचे हातमोजे उजेडासमोर धरून तपासायचे आणि बिघडलेला मोजा उसवून लोकर परत गुंडाळायची, हे त्यांचं काम. एकवीस वर्षं केलं. मग खांदा धरला, हात वर जाईना, आणि डॉक्टरांनी उभ्याचं काम बंद करायला सांगितलं.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना नमुन्यांच्या खोलीत बसवलं. तिथल्या संगणकात प्रत्येक मोज्याचा नमुना नुसत्या अक्षरांत लिहिलेला असे. एक ओळ म्हणजे विणीची एक ओळ, एक अक्षर म्हणजे एक टाका. ते लिहिणारा प्रोग्रामर दुसरी नोकरी धरून निघून गेला होता. नवा येईपर्यंत सासूबाईंनी फाइल उघडायची, यंत्राकडे पाठवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं साहेबांनी तीनदा बजावलं.

त्यांनी हात लावला तो मदतीच्या कळीला. नमुने ज्यात लिहीत तो प्रोग्रामर लोकांचा एडिटर होता. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा. पण मदतीची कळ दाबली की तो विचारी, कोणत्या कळीबद्दल सांगू? मग कुठलीही कळ दाबा, ती कुठला हुकूम सोडते आणि त्यानं काय होतं ते तो लिहून दाखवी, आणि काही बिघडतही नसे. हे कळल्यावर सासूबाईंनी आठवड्याभरात सगळ्या कळा विचारून वहीत उतरवल्या. खोलीत इंटरनेट नव्हतं आणि त्यांचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. अडलेले शब्द त्या घरी माझ्यासाठी घेऊन येत.

एकदा जेवताना म्हणाल्या, “अगं, त्या हुकमाला आर्ग्युमेंट लागतं म्हणे. मी कशाला भांडू त्याच्याशी?”

मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण मलाही उलगडेना. आमच्या संगणकाच्या सरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं, की हुकमाला काम करायला जे हाती द्यावं लागतं ते. कुठली ओळ, किती ओळी, असं.

“माल लागतो असं म्हण की,” त्या म्हणाल्या, आणि पोळी वाढून घेतली.

पुढे मदतीतच त्यांना सापडलं, की आपणही नवे हुकूम लिहून एडिटरमध्ये घालू शकतो. त्यावर दोन ओळी माहिती लिहिली, तर मदत विचारल्यावर एडिटर तीही दाखवतो, अगदी त्याच्या स्वतःच्या हुकमांसारखी. याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. त्यांनी पहिला हुकूम लिहायला एकोणीस दिवस घेतले. तो प्रत्येक ओळीतले टाके मोजी आणि जिथे कमी पडत त्या ओळीवर नेऊन उभं करी. दुसरा हुकूम डाव्या मोज्याचा नमुना आरशात धरल्यासारखा उलटवून उजवा करून देई. पूर्वी तो हाताने लिहायला प्रोग्रामरला दोन दिवस लागत.

या दुसऱ्या हुकमानंच घात केला. कळ दाबून काही झालं की नाही याची खात्री वाटेना, म्हणून सासूबाईंनी परत दाबली. उलटलेलं पुन्हा सुलट झालं. यंत्रावर चाळीस उजवे मोजे विणायचे होते, ते चाळीसही डावे निघाले.

साहेब खोलीत आले ते हातात दोन डावे घेऊनच. सासूबाईंनी काही लपवलं नाही. चूक माझी, मोजे मीच उसवते, लोकर वाया जाणार नाही, असं म्हणाल्या. साहेबांनी बाहेरचा माणूस बोलावतो म्हणताच मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“त्याला आधी शिकावं लागेल, साहेब. मला हे येतं. मला दोन दिवस द्या.”

आवाज चढवला नव्हता. साहेब बरं म्हणून गेले.

दोन दिवसांत हुकूम दुरुस्त झाला. उलटवल्यावर तो नमुन्याच्या वर, यंत्र सोडून देतं अशा वेगळ्या ओळीत ‘उजवा’ असं लिही, आणि तो शब्द आधीच असला तर काही करायला साफ नकार देई. साहेबांनी स्वतः बसून दोनदा कळ दाबून पाहिली. मग त्याची मदत विचारली. पडद्यावर मराठीत आलं: ‘डाव्याचा उजवा करतो. एकदाच दाबावं. पूर्वी दोनदा दाबलं की डावाच राहायचा. मी दाबलं होतं.’

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसू आवरलं. नव्या प्रोग्रामरची जाहिरात पुन्हा निघाली नाही.

चुका कमी झाल्या तशी तपासणीची मेजं रिकामी पडू लागली. सासूबाईंच्या शेजारी एकवीस वर्षं उभी राहिलेली त्यांची मैत्रीण त्यांच्याशी बोलेनाशी झाली. एका दुपारी डबा खाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, “तू बसलीस खुर्चीत आणि आम्हाला लावलंस घरी.”

सासूबाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तडक साहेबांकडे जाऊन म्हणाल्या, की नमुने वाढलेत, एकटीनं उरकत नाही, दुसरी खुर्ची हवी आणि त्यात कोण बसणार तेही मीच सांगते.

खुर्ची जेवणघरातून आली, एक पाय आखूड असलेली. मैत्रीण पहिले चार दिवस तोंड फुगवून, हात मांडीवर ठेवून बसली. पाचव्या दिवशी तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “या अंगठ्यापाशी दोन टाके वाढव. इथे कायम उसवतं.” सासूबाईंनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.