आक्काने बसवलेला शॉवर

आक्का गेल्याचा फोन भाचीने केला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो सहीचा. लिहायला लाज वाटते, पण दीड महिना उलटलाय, आता खोटं कशाला लिहू? आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या माघारी नाशिकच्या या घरात मी राहतो आणि आक्काने हक्कसोडपत्रावर सही केलेली नव्हती. चार वर्षं मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीकडे संशयानेच पाहत आलो. नांदगावहून येताना ती पिशवीभर शेवग्याच्या शेंगा आणायची, तरी मला वाटायचं, हिचं काहीतरी काम असणार.

गेल्या भाऊबीजेला तिने नेहमीप्रमाणे माझ्या पाठीला तेल-उटणं लावलं. माझी साठी उलटली तरी तिने ते कधी चुकवलं नाही. मी अंघोळ करून बाहेर आलो, तर ती टक लावून पाहत राहिली. "बाबू, पाठीचं उटणं तसंच राहिलंय," एवढंच म्हणाली. माझा उजवा खांदा आखडला होता, पाण्याचा तांब्या खांद्यावर जात नव्हता. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अण्णांनी लावलेला शॉवर बोअरच्या पाण्याचा क्षार धरून केव्हाच बंद पडला होता. संध्याकाळी पाहतो तर आक्का टेप घेऊन बाथरूमची भिंत मोजतेय, मोबाईलवर फोटो काढतेय! मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "मोजणी सुरू झाली बघ. फोटो पुराव्याला."

"अहो, हिस्सा मागणारी बाई न्हाणीपासून मोजणी सुरू करेल का?" ती म्हणाली. पण एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की उतरत नाही.

आठ दिवसांनी आक्का एसटीने हजर, सोबत नांदगावचा प्लंबर. नाशकात काय प्लंबरांचा दुष्काळ पडला होता? मी दारातच उभा राहून पाहत होतो. त्याने जुना शॉवर फिरवला, तर तो पाइपासकट भिंतीत तुटला. "लय क्षार हे भाऊ, पार दगड झालाय," म्हणत त्याने टाइलवर छिन्नी धरली. मला राहवलं नाही. "न विचारता फोडतेस? घर तुझं आहे का?"

"अर्धं आहे की," आक्का हसून म्हणाली... आणि माझी खात्रीच पटली. मग तिने एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, मला कपड्यांसकट त्यावर बसवलं आणि हँडशॉवरचा हूक बसल्याबसल्या माझा डावा हात पोचेल एवढ्या उंचीवर लावून घेतला. मी तिला जेवून जा असंही म्हटलं नाही. निघताना विचारलं ते एवढंच, "सहीचं काय?" "करीन रे," म्हणाली. ती शेवटची भेट.

नांदगावच्या स्मशानातून परतलो, कुणाला न शिवता थेट बाथरूममध्ये गेलो. स्टुलावर बसून डावा हात वर केला, तर शॉवर नेमका हाताशी आला. पाणी पाठीवर पडत राहिलं आणि मी ओक्साबोक्शी रडलो.

दहाव्याला भाची जवळ येऊन बसली. "मामा, आईची सही राहिली. आम्ही भावंडं देऊ करून, कागद पाठवा."

"तिने का नाही केली?" मी विचारलं. ती म्हणाली, "रागवू नका. आई म्हणायची, सही झाली की बाबू बोलवायचा बंद होईल."

मी रागावलोच. सख्ख्या भावावर असा संशय? घरी येईपर्यंत तणतणत होतो. मग आठवायला बसलो. दर दिवाळीला तिला ये म्हणून फोन मीच करायचो आणि ठेवण्याआधी दर वेळी सहीचा विषय काढायचो. सही झालेली असती, तर मी फोन केला असता का? हो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही... आक्काने मला बरोबर ओळखलं होतं.

रोज सकाळी त्या स्टुलावर बसतो, तेव्हा तिची आठवण येतेच. भाचीचा काल पुन्हा फोन आला, "मामा, कागद कधी पाठवताय?" म्हटलं, "पाठवत नाही. दिवाळीला मामाकडे राहायला ये, मग बघू."