कूलरमधला साबुदाणा

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत की सगळ्या अंड्यांना कवच असतं का. उत्तर आजच लिहिते, कारण त्यातली माझी फजिती तुमच्या आईने रंगवून सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी.

पावसाळ्यात दौलतगंजचा एक कूलरवाला आमचा कूलर मोसमापुरता बंद करून ठेवायला आला. स्क्रू ओठांत धरून तो निम्मं बोलणं हुंकारातच करायचा. टाकीत पांढुरका, चिकट गोळा दिसला. दुसऱ्या दिवशी एकादशी, डोक्यात साबुदाणाच, म्हणून मी कडाडले, "भैया, इसमें साबूदाना किसने गिराया? फेंको नाली में!"

त्याने टाकी कलती केली, तेवढ्यात मी चष्मा लावला. ती बेडकीची अंडी होती. "रुको! मेंढकी के अंडे हैं।"

"अंडे? छिलका कहाँ है, अम्माजी?"

मग माझं इंग्रजी शिक्षण जागं झालं. कूलरवर घरटं केलेल्या होला पक्ष्याच्या अंड्यांकडे बोट दाखवून मी व्याख्यान दिलं: कोरड्यातलं अंडं सुकू नये म्हणून कवच, पाण्यातल्याला ते नको.

त्याने ओठांतले स्क्रू काढले. "तो पानी गिराना मतलब छिलका तोड़ना। कोई बर्तन दीजिए।"

रुंद भांडं एकच होतं, माझं साबुदाण्याचं पातेलं.

होल्याची पिल्लं उडून गेली. पातेल्यातले दोन बेडूक अजून अंगणात आहेत.