दहा चाकांचा ट्रक आणि वाळूची नदी

तुमच्या पलंगाचं सागवान रानातून रेल्वेपर्यंत कुणी आणलं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय? तोडलं कुणी, हे मी विचारत नाही. तोडणाऱ्यांवर लिहिणारे आता पुष्कळ झालेत आणि त्यांत मीही आहे. मी विचारतो, आणलं कुणी?

मला स्वतःला हा प्रश्न तेविसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. चांद्यात वडिलांचा छोटा छापखाना होता. तिथे छापल्या जाणाऱ्या पत्रकांवर मी अक्षर ओळखायला शिकलो. कष्टकरी म्हणजे हातात कुऱ्हाड किंवा हातोडा घेतलेला माणूस, असं त्या पत्रकांवरच्या चित्रांत असायचं. कासरा धरलेला माणूस एकाही चित्रात नव्हता. कुरखेड्याच्या पलीकडल्या एका गावात लाकूडतोड्यांची सोसायटी उभी राहिली, मी तिचा सेक्रेटरी झालो आणि नियमांची वही लिहायला बसलो, तेव्हा पहिलं कलम मी एका बैठकीत लिहून काढलं: जो स्वतः कुऱ्हाड चालवतो तोच सभासद. त्या कलमाचा मला फार अभिमान होता.

बेचाळीस घरं होती सोसायटीत. तोवर तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, ज्याला तिकडे कूप म्हणतात, दरवर्षी ठेकेदारच घ्यायचा आणि हीच बेचाळीस घरं त्याच्याकडे राबायची. त्या वर्षी जंगल खात्यानं पहिल्यांदा एक कूप थेट आम्हाला दिलं, परीक्षा म्हणून. अट एकच होती. सगळी लाकडं मार्चअखेर वडशाच्या रेल्वे डेपोत पोचली पाहिजेत. पोचली तर पुढच्या वर्षी पुन्हा कूप. नाही तर ठेकेदार आहेच.

जानेवारीपर्यंत तोड संपली. साडेतीनशेच्या वर ओंडके रानात पडले होते. आणि मग गाड्या येईनात. गावोगावचे गाडीवान मान खाली घालून म्हणायचे, "यंदा नाई जमत." त्यांच्या बहुतेक बैलजोड्या ठेकेदाराच्या गोठ्यातून उधारीवर आलेल्या होत्या. त्यानं नुसता निरोप फिरवला होता.

म्हणून ट्रक. नागपूरच्या बाहेर एका माळावर दुसऱ्या महायुद्धातले जुने लष्करी ट्रक विकायला उभे असल्याचं कळलं. चांद्याचा एक मिस्त्री बरोबर घेतला. लढाईच्या काळात फौजेच्या कारखान्यात काम केलेला, पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. त्याला सगळे चाचा म्हणत. गावानं आणखी एक माणूस बरोबर दिला, म्हातारा गाडीवान. त्याचे दोन्ही बैल आधीच्या पावसाळ्यात रोगानं गेले होते, त्यामुळे ठेकेदाराचा त्याच्यावर जोर नव्हता. त्याला वाट माहीत आहे म्हणून पाठवलं, असं गावकरी म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला नागपूर पाहायचं असेल.

माळावर चालण्याजोगे दोनच ट्रक होते. एक चपट्या नाकाचा, आखूड, चार मोठाली चाकं. दुसरा दहा चाकांचा: पुढे दोन, मागे दोन आसांवर जोडीजोडीनं आठ. शिवाय पुढे दोर गुंडाळायचा लोखंडी ढोल, म्हणजे ट्रक रुतला तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून काढणार. मी त्या दहा चाकांच्या भोवती तीनदा फिरलो. चाचा इंजिनात डोकं खुपसून बसला. म्हाताऱ्यानं मात्र इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं माळावरच्या ड्रायव्हरला दोन्ही ट्रक फुफाट्यातून हळू चालवायला सांगितले, मग उकिडवा बसून मागची जमीन पाहत राहिला.

"भाऊ, काय हरवलं?" मी विचारलं.

"काई नाई बाबू. पावलं पाहून राह्यलो." त्यानं चपट्या ट्रकच्या खुणांवर हात ठेवला. "याचे मागचे पाय पुढच्याच्या पावलात पडतात. बैलासारखे. अन् या मोठ्याचे पाहा, पुढचं एकीकडे, मागचे दोन दोहीकडे. हा आपली वाट दरखेपी नव्यानं फोडन."

मी हसलो. खिशातून कागद काढला. मोठा ट्रक एका खेपेत बारा ओंडके नेईल, तीस खेपा. लहान सहा नेईल, साठ खेपा. मार्चअखेरपर्यंत दिवस पंचेचाळीस. "रोज एकच खेप धरली तर लहान ट्रकनं मार्चात काम होतंय का, सांग."

"खेपा मोजल्या तुमी," तो म्हणाला. "नदी नाई मोजली."

"चाचा, तुम्ही सांगा."

चाचानं चिंध्यांनी हात पुसले. "इंजन दोन्हीचं ठीक हाये. रस्ता मी नाई पाह्यला. ज्यानं पाह्यला तो बोलून राह्यला. आता सेक्रेटरी तुमी हाये, मी नाई."

मी त्या माळावर एक छोटं भाषण केलं. यंत्राला बैलाच्या मापानं मोजायचं नसतं, असं काहीसं. म्हातारा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "बरं." दहा चाकांचा ट्रक आम्ही चांद्याला आणला.

चाचाच्या अंगणात बारा दिवस त्याची बांधणी चालली. लष्करी टप काढून टाकला. लोखंडी पाटा उघडा करून दोन्ही बाजूंना सागाचे खुंट ठोकले, ओंडके घरंगळू नयेत म्हणून. रेडिएटरपुढे जुन्या रुळाच्या तुकड्यांची जाळी बसवली. धूर सोडणारी नळी पाण्यात बुडू नये म्हणून वळवून केबिनच्या छताच्या उंचीपर्यंत नेली. स्टिअरिंग डावीकडे होतं, ते तसंच ठेवावं लागलं. उजवीकडे म्हातारा बसायचा आणि खड्डा आला की दारावर थाप मारायचा. रिकामा ट्रक घेऊन आम्ही रानापर्यंत गेलो तेव्हा तो कुठेच अडला नाही. वाटेतल्या नदीची वाळूसुद्धा त्यानं घुरघुरत पार केली. काठावर जमलेल्या सोसायटीतल्या बाया टाळ्या वाजवत होत्या. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता, वाळूतल्या खुणा पाहत होता.

भरलेला ट्रक पहिल्याच खेपेला नदीत बसला.

उन्हाळ्यात आमच्या नद्यांना पाणी थोडं आणि वाळू फार. गाड्या जाव्यात म्हणून वाळूवर बांबूचे तट्टे अंथरायची रीत आहे: चाकांसाठी दोन पट्ट्या, मधे मोकळी वाळू. आम्हीही तसंच केलं होतं. पुढची चाकं तट्ट्यावरून नीट गेली. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक तट्ट्यावर आलं आणि बाहेरचं काठावरून वाळूत घसरलं. तट्टा मोडला. ट्रक एका अंगाला कलला, चाकं गरगर फिरली आणि आसापर्यंत आत गेली. ढोलाचा दोर बांधायला तीनशे हातांत एक झाड नव्हतं. नदीच ती.

बारा ओंडके वाळूत उतरवले, ट्रक फावड्यांनी मोकळा केला, पुन्हा भरला. तोवर दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तट्टे दुप्पट जाड केले. तेही मोडले. तिसऱ्या दिवशी पट्ट्या रुंद करायला बांबू कमी पडला. पलीकडच्या काठावर ठेकेदाराचा माणूस खाट टाकून बसायला लागला होता. रोज येताना पान लावून यायचा.

"सेक्रेटरीसाहेब," तो ओरडून विचारायचा, "हे यंत्र नांगरायचं हाये का? टरबुजं लावता का नदीत?"

बाया तट्टे उचलता उचलता त्याला शिव्या घालायच्या. असे सहा दिवस गेले आणि तीन खेपा झाल्या. एवढ्यात जंगल खात्याचा रेंजर सायकलवरून आला, काठावर उभं राहून सगळं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मुदत वाढणार नाही बरं का. मी लिहून दिलं तरी वरून वाढणार नाही." वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

सहाव्या दिवशी दुपारी मी म्हाताऱ्यापाशी जाऊन बसलो. वाळू तापलेली होती.

त्यानंच तोंड उघडलं. "बाहेरचे चाकं काढा."

"काय?"

"मागचे बाहेरचे चारी. आतले राहू द्या. ते पुढच्याच्या जवळपास चालतात, मी पाह्यलं."

चाचा आडवा पडला होता, तो उठून बसला. "अरे पण मग वजन नाई झेलणार, भाऊ. अर्ध्या मालावर येऊन जाईन ट्रक."

"तं अर्धाच न्या नदीतून," म्हातारा म्हणाला. "अर्धा पल्याड उतरवा, वापस या, दुसरा आणा. पल्याड दोन्ही भरा. पल्याडची वाट कडक हाये."

चाचानं ट्रकखाली वाकून मागचे आस पाहिले. "कडक जमिनीवर, सावकाश गेलो तं सहा चाकं पुरा माल सहन करतीन. करतीन म्हणतो. गॅरंटी नाई देत."

चार चाकं काढून ट्रकवरच बांधली, सुटी म्हणून. म्हणजे जो लहान ट्रक मी माळावर सोडून आलो होतो, तोच मी आता इथे वाळूत, हातानं, अर्धवट तयार करत होतो. तो तर यापेक्षा हलकाही असता.

त्या दुपारपासून मी हुकूम द्यायचे बंद केले. काठावर म्हातारा उभा राहायचा. तट्टे कुठे टाकायचे, ट्रक पुढे सरकला की मागचे उचलून पुढे कधी न्यायचे, हे तो बायांना हातानं सांगायचा. मधल्या गुडघाभर प्रवाहाआधी चाचा खाली उतरून इंजिनाच्या पंख्याचा पट्टा सैल करायचा, पंख्यानं पाणी उडून इंजिन बंद पडू नये म्हणून. पार झालं की पुन्हा ताणायचा. एका खेपेला नदी दोनदा भरलेल्या ट्रकनं ओलांडायची, आणि प्रत्येक वेळी मागचं चाक पुढच्याच्या खुणेत पडतंय का, हे पाहत मी तट्ट्यांच्या कडेनं चालायचो. ते पडत होतं.

खाटेवरचा माणूस बोलायचा कमी झाला. पण मार्चही कमी होत होता. रोज एक खेप, कधी दोन. मी कागदावर रेघा मारायचो आणि रोज संध्याकाळी तोच हिशेब यायचा: एक दिवस कमी पडतोय.

शेवटच्या दिवशी दोन खेपा उरल्या होत्या. पहाटेच निघालो. पहिल्या खेपेला वडशाच्या अलीकडे तीन मैलांवर मागचा टायर फुटला. आवाज ऐकून म्हाताऱ्यानं दारावर थापसुद्धा मारली नाही, नुसते डोळे मिटले. सुटी चाकं होती, पण भरला ट्रक उचलायचा जॅक मऊ मातीत घुसत होता. ओंडके उतरवले, चाक बदललं, ओंडके चढवले. हात सोलून निघाले. डेपोत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रेंजर नोंदवही उघडून फाटकापाशीच उभा होता. त्यानं बारा ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्के मारले, मग वर पाहिलं.

"अजून?"

"बारा. नदीच्या त्या काठावर आहेत."

त्यानं नदी किती लांब, हे विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. सूर्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं: काम अपूर्ण.

एका खेपेनं हुकलो. सहा दिवस नदीत गेले होते आणि ते सहाही दिवस माझे होते. ते म्हाताऱ्याचे नव्हते, चाचाचे नव्हते, ठेकेदाराचेही नव्हते. ठेकेदारावर आग ओकायला मला आजही आवडतं, पण हा हिशेब त्याच्या नावावर टाकणं खोटं होईल.

रेंजरनं चांगला शेरा लिहिला म्हणून कूप पूर्ण गेलं नाही. पुढच्या वर्षी अर्धं मिळालं. अर्धं कूप म्हणजे एकवीस घरांचं काम. बाकीची एकवीस घरं ठेकेदाराकडे परत गेली. कुणी जायचं, हे सभेत चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मी वाचल्या. आपलं नाव ऐकून एक बाई उठली, लेकराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चाल, जुन्याच घरी जाऊ." कुणी हसलं नाही.

ती सभा चालू असताना म्हातारा बाहेर मोहाच्या झाडाखाली बसला होता. मी त्याला आत बोलवायला गेलो.

"मी कायले येऊ?" तो म्हणाला. "मी मेंबर नाई. कुऱ्हाड चालवत नाई मी. तुमच्याच वहीत लिवलं हाये ना?"

टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते अजून टोचतं.

त्याच सभेत मी कलम बदलायचा ठराव मांडला. एक सभासद म्हणाला, "तुमीच लिवलं, तुमीच खोडून राह्यले?" मी म्हटलं, हो. ठराव पास व्हायला दोन सभा लागल्या, कारण लाकूडतोड्यांनाही तोवर माझं पहिलं कलम आवडू लागलं होतं. पुढल्या हंगामात म्हातारा पंचांत बसला. पण चिठ्ठीत नाव निघालेली एकवीस घरं तेवढ्यानं परत आली नाहीत.

भंडाऱ्याकडे, बालाघाटाकडे अशा सोसायट्या आता निघत आहेत. त्यांच्या नियमांच्या वह्या माझ्यासारखीच पोरं लिहीत आहेत, माझ्यासारखीच पत्रकं समोर ठेवून. तुमच्या गावात अशी सोसायटी असेल तर येत्या सभेआधी ती वही मागून घ्या. सभासद कोण, हे कलम वाचा. ज्या माणसाला तुमची वाट पायांनी माहीत आहे, तो त्या कलमात बसत नसेल, तर सभेत उभे राहा आणि त्याचं नाव तुम्ही सुचवा. ट्रक घ्यायला जाण्याच्या आधी.