दहामिनिटंकाका गाडीतून उतरतात

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हटलं, यात आहे काय, एक कुटुंब सुट्टीला गेलं आणि परत आलं, बस. पण काल जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, पिशवी खाली ठेवून तिथेच सगळं सांगत बसल्या, आणि सांगताना हसत होत्या त्या, डोळे मात्र माझे भरून आले. आता नाही लिहिलं तर मला झोप लागायची नाही.

काका टुरिस्ट बस चालवतात. अख्खी बिल्डिंग त्यांना दहामिनिटंकाका म्हणते. गाडी थांबली की पॅसेंजरना ओरडून सांगायचं, "दहा मिनिटं! चहा, बाथरूम, उरकून घ्या!" ही त्यांची इतक्या वर्षांची सवय घरीसुद्धा सुटत नाही. मुलींना दुकानात पाठवताना दहा मिनिटं, पाहुणे आंघोळीला गेले की दहा मिनिटं. एकदा झोपेत ओरडले तर काकू दचकून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

काकू शिवणकाम करतात. काकांच्या मालकाच्या सगळ्या गाड्यांचे पडदे त्यांच्याच मशीनवर शिवलेत. पण त्या पडद्यांशेजारी बसून त्या कधी कुठे गेल्या नाहीत. लोकांना सुट्टी लागते तेव्हा काकांचा सीझन लागतो. लोक फिरतात, काका फिरवतात. मुलींच्या सगळ्या सुट्ट्या अशाच गेल्या: काका कुठल्यातरी घाटात, आणि या तिघी घरी, पडद्यांना रिंगा लावत.

यंदा मात्र काकूंनी हट्ट धरला. थोरलीची शाळा संपली होती, सुट्टीनंतर ती होस्टेलला जाणार होती. मग नोकरी, मग काय नि काय. चौघांनी मिळून कुठे जायचं तर आत्ताच, नाहीतर राहिलंच. बरं, जायचं तर समुद्रावर, हे धाकटीनं परस्पर ठरवूनही टाकलं. काकूंनी दोन-चार लॉजना फोन केले आणि सीझनचे भाव ऐकून फोन असा ठेवला, जसा काही हातच भाजला.

जेवताना विषय निघाला.

"बाबा," धाकटीनं विचारलं, "तुम्ही तर सारखे जाता तिकडे. पाणी गार असतं का हो?"

काकांचा घास हातातच राहिला. "कुठलं पाणी?"

"अहो, समुद्राचं!"

"ते होय..." काकांनी जरा आठवून बघितलं. "पार्किंगमधून काय कळत नाही गं."

धाकटी खो खो हसली. थोरली हसली नाही. काकूंनी ताटात भात वाढला, तो कुणी मागितलाही नव्हता. त्यांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आपला नवरा इतक्यांदा समुद्रावर जाऊन आलाय आणि त्याचा पाय काही ओला झालेला नाही. गाडी सोडून जायचं नाही, पुढच्या फेरीआधी मागच्या सीटवर डोळा लावून घ्यायचा. हा त्यांचा समुद्र.

हात धुऊन काका आले ते प्लॅन घेऊनच. स्वारी एकदम खुशीत! "हे बघा, लॉज-बिज काही नको. माझा एक गॅरेजवाला मित्र आहे तिकडे, त्याची वरची खोली रिकामी पडलीय. ऑइलचा वास येतो म्हणून कुणी घेत नाही, आपल्याला देईल असाच. आणि जायचं रिकाम्या गाडीनं."

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"अगं, तिकडच्या लोकांना आणायला आपली गाडी इथून जाते ना, ती जाताना मोकळीच असते. आणि लोकांना सोडून येणारी गाडी येताना मोकळी. जाताना एकीत बसायचं, येताना दुसरीत. तिकिटाचा प्रश्नच मिटला! मी तुम्हाला घेऊन जातो, सोडतो, पॅसेंजर घेऊन परत येतो, आणि चार दिवसांनी तुम्हाला न्यायला हजर!"

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. काकांना वाटलं, खूश झाल्या सगळ्या.

"म्हणजे बाबा," थोरली हळूच म्हणाली, "आमच्या ट्रिपला पण तुम्ही ड्रायव्हरच?"

काकांचा चेहरा असा पडला की काकूंना ते बघवेना. पण त्यांनी माघार घेतली नाही. "गाडी रिकामी जाऊ दे, खोलीला वास येऊ दे. पण गाडी दुसऱ्या कुणी चालवायची. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. सुट्टी मागा मालकाकडे."

सीझनमध्ये सुट्टी! काका मागायला गेले आणि परत आले ते डोंगराकडची जादा फेरी गळ्यात घेऊन. दुसऱ्यांदा गेले, मालकाच्या टायरच्या तक्रारी ऐकून आले. तिसऱ्यांदा म्हणे शब्द ओठांवर आला होता, तेवढ्यात मालकानं चहा मागवला, मग चहा पिऊन कसं मागायचं? चार डोंगर पलीकडे गाडी नेणारा माणूस, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की याचं इंजिनच बंद पडतं.

मग काकू स्वतः उठल्या. नव्या बसच्या पडद्यांचं गाठोडं उचललं आणि थेट मालकाच्या ऑफिसात.

"वा वहिनी, झाले वाटतं पडदे! ही गाडी शुक्रवारी काढायचीय मला."

"उजवीकडचे झालेत," काकू म्हणाल्या.

"आणि डावीकडचे?"

"डावीकडचे सुट्टीवरून आल्यावर."

"कुणाच्या सुट्टीवरून?"

"आमच्या. चौघांच्या."

मालकांनी गाठोडं चाचपून बघितलं. "वहिनी, डावीकडच्या पॅसेंजरनी काय उन्हात भाजून निघायचं?"

"तुमच्यावर आहे. सुट्टी आज मिळाली तर रात्रीत शिवून देते. नाहीतर माझी मशीन जरा कुरकुर करतेच आहे."

मालक आधी चिडले, मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. "त्यानं का नाही मागितली? तीनदा आला, तिन्ही वेळा मला वाटलं पगारवाढ मागतोय, म्हणून मीच विषय बदलला!"

सुट्टी मिळाली. काकू घरी येऊन मशीनवर बसल्या ते पडदे संपवूनच उठल्या. काका बाजूला बसून रिंगा लावत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "तू खरंच असं म्हणालीस? तोंडावर?"

आणि मग निघाले सगळे, त्याच नव्या गाडीतून. चालवायला होता रॉकेट. तो इतकी हळू गाडी चालवतो म्हणून त्याला सगळे रॉकेट म्हणतात. मुली अख्ख्या बसभर सीट बदलत हिंडत होत्या. काकू खिडकीशी, हातानं स्वतःच्याच पडद्याची शिवण चाचपत. आणि काका? काका शेजारी होते, पण कसले! प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दाबला जायचा.

"काका," आरशात बघून रॉकेट म्हणाला, "ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही पाय वर घेऊन बसा."

"तू पुढं बघ. ट्रकवाला बाजूनं दाबतोय बघ."

"काकू, यांना डिकीत टाकू का?"

"टाक बाबा," काकू म्हणाल्या, "पण तिथूनही सांगतील."

चहाला गाडी थांबली तर काका सवयीनं उठून उभे राहिले, मोठा श्वास घेतला, आणि रिकाम्या बसकडे तोंड करून दणदणीत आवाजात ओरडले, "दहा मिनिटं!" मुली हसून हसून सीटवर लोळल्या. रॉकेटनं हात जोडले आणि पळत जाऊन खरंच दहा मिनिटांत चहा पिऊन आला.

समुद्राच्या पार्किंगला पोहोचल्यावर मात्र गंमत संपली. बॅगा उतरल्या. काका सवयीनं गाडीला चक्कर मारायला लागले. टायर बघ, काच पूस. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "मी आहे इथे." काकूंचा जीव खाली-वर. एवढं सगळं करून शेवटी हेच? पण त्या काही बोलायच्या आत रॉकेटनं हॉर्न दिला, "काका, सरका! पॅसेंजर थांबलेत माझे," आणि गाडी वळवून निघून गेला.

काका मोकळ्या जागेत उभे. टेकायला काही नाही, पुसायला काही नाही, हातात किल्ली नाही. काकू म्हणतात, लग्नात सुद्धा इतके बावरले नव्हते. त्यांनी सरळ काकूंच्या पर्सचा पट्टा धरला.

"चला की," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"मला काय माहीत? मी पण पहिल्यांदाच आलेय."

चालत चालत वाळूत गेले. मुली पाण्याकडे धावल्या. काका जरा टेकतो म्हणाले आणि बसल्याजागी झोपून गेले. ऐन दुपारी, तोंड उघडं टाकून, गाढ. धाकटी उठवायला आली तर काकूंनी तिला हातानंच परत पाठवलं आणि सरकून अशा बसल्या की त्यांची सावली काकांच्या तोंडावर पडेल. ऊन फिरत गेलं तशा त्याही सरकत गेल्या. हे सांगताना तेवढ्या काकू हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "अगं, तो माणूस इतकी वर्षं एक कान उघडा ठेवून झोपलाय. त्या दिवशी दोन्ही कान बंद होते."

उन्हं उतरल्यावर जागे झाले, क्षणभर कुठे आहोत कळेना. मग मुली दिसल्या. उठले आणि तडक पाण्यात. काकू मागून ओरडतायत, "अहो बूट! बूट काढा!" कोण ऐकतंय. गुडघ्यापर्यंत आत जाऊन उभे राहिले, दोन्ही मुली दोन हातांना लटकलेल्या. मग वळून तिथूनच सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना ओरडून म्हणाले, "अगं, कोमट आहे!"

आता परत आलेत. बूट बाल्कनीत वाळतायत अजून. आणि काका भेटेल त्याला समुद्र समजावून सांगतायत, जणू तो त्यांनाच सापडलाय. लाटा कशा येतात, पायाखालची वाळू कशी सरकते, सगळं हातवारे करून. माझं ऐका, उद्याच्या उद्या जा त्यांच्याकडे. परवा पहाटे ते गाडी घेऊन निघतील, मग सीझन संपेपर्यंत हाती लागायचे नाहीत. तिसरा मजला, मशीनचा आवाज येतो ते दार. जा आणि नुसतं विचारा, काय काका, कसा होता समुद्र? आणि हो, जरा वेळ काढूनच जा.