सहावी कोंबडी

चहा घ्या अगोदर, कारण मधेच थांबून मला हे सांगता येणार नाही. कोंबडीचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. आज तुमीच काढलात, तर ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा. मी तेव्हा बिलकूल हसलो नव्हतो.

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. येलदरीला धरणाचं काम निघालं होतं आणि आमचं गाव त्याच रस्त्यावरचं. मी पंचायतीत कारकून. लोक मात्र जुन्या सवयीनं मला मुन्शीजीच म्हणायचे, कारण माझं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि मोडी, उर्दू, बाळबोध, तिन्ही अक्षरं माझी देखणी. हे मी माझ्याच तोंडानं सांगायलोय, याची मला लाज वाटत नाही. लाज पुढं आहे.

तर धरणावर बाहेरगावचे साहेब आले, ओव्हरसियर आले, मिस्त्री आले. त्यांना रोज अंडी लागायची. मग काय विचारता? ज्याच्या दारात हातभर जागा, त्यानं कोंबड्या पाळल्या. कुणाच्या वाळवणात कोंबडी, कुणाच्या उतरंडीवर कोंबडी, कुणाच्या पाळण्यात अंडं. आधी बायका भांडल्या, मग त्यांचे नवरे भांडले, मग ज्यांचा काही संबंध नव्हता ते भांडले. एक दिवस तर एक कोंबडी चावडीत शिरली आणि मी नुकतंच लिहिलेलं मयताचं रजिस्टर उघडं होतं, शाई ओली होती, त्याच्यावरनं सावकाश चालत गेली. गावातली तीन मयत माणसं तिनं पार पुसून टाकली. माझा त्या दिवशीचा संताप तुमाला कळणार नाही.

त्यात मी माळकरी. अंड्याचं नावसुद्धा आमच्या घरात निघायचं नाही. लग्न झालं तेव्हाच मी मंडळींना बजावलं होतं, की माझ्या उंबऱ्याच्या आत कोंबडी येता कामा नये. ती बिचारी चुडाव्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कोंबड्यांच्या गलक्यात वाढलेली. तरी तिनं मान हलवली. हा शब्द तिनं अखेरपर्यंत पाळला, हे इथंच सांगून ठेवतो.

आमची एक लेक, शांता. सहा वर्षांची असताना ती लय अशक्त झाली. चार पायऱ्या चढली तर धापा टाकायची. परभणीला डॉक्टरकडं नेली. तो म्हणाला, हिला रोज एक अंडं द्या. मी माळेला हात लावला आणि ताडकन उठून बाहेर आलो. ही पोरीला घेऊन मागं जरा वेळ थांबली, मग आली. घरी येऊन मी उपाय सुरू केला. रोज सकाळी तुळशीच्या पानांचं पाणी. आणि खरं सांगतो, वर्षभरात पोर अशी भरली, की बघणाऱ्यानं विचारावं. मग मी सोडतो का? भेटेल त्याला तुळशीचं पाणी सांगितलं. तहसिलातल्या पेशकारालासुद्धा सांगितलं.

असो. पंचायतीनं कोंबड्यांचा नियम करायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडं आला. पंचांचं म्हणणं साधं होतं. वस्तीत एका चुलीमागं पाच कोंबड्या, जास्ती नाहीत. दिवेलागणीच्या आत त्या डालग्याखाली झाकायच्या. दुसऱ्याच्या वाळवणात शिरली तर चूक धन्याची. एवढ्यावर पंच उठायला निघाले, पण मी त्यांना बसवलं. लोक हुशार असतात, सहावी कोंबडी बहिणीच्या अंगणात सोडून मोकळे होतील. म्हणून माझी कलमं वर घातली. कोंबडी कुणाच्याही अंगणात असो, मोजायची ती मालकाच्या चुलीवर. चुलीचा जबाबदार घरातला कर्ता पुरुष, आणि मला ठाऊक नव्हतं ही सबब चालणार नाही. आणि दंड नको, दंड भरून माणूस विसरून जातो. नियम मोडणाऱ्याचं नाव दवंडीत घ्यायचं, गावात सात ठिकाणी उभं राहून.

सरपंच म्हणाले, "मुन्शीजी, हे लय कडक व्हायलंय."

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "कायदा कडकच पाहिजे." हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

दवंडी द्यायला आमचा किसना होता. आवाज खणखणीत, माणूस सरळ, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. मजकूर मी सांगायचा आणि त्यानं पाठ करायचा. या नियमाची दवंडी त्याला पाठ व्हायला अख्खी सकाळ गेली. डालगं आठवलं की चूल विसरायचा, चूल आठवली की वाळवण. दहा-दहा वेळा सांगून माझा घसा बसला.

मग मोजणी. ती मी दुसऱ्यावर सोपवली नाही, स्वतः निघालो, आणि सुरुवात केली शेजारच्या घरापासून, म्हणजे कुणी म्हणायला नको की मुन्शीजी शेजार राखतो. शेजारी जनामावशी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, चार जणांच्या रानात खुरपायला जायची आणि बाकी पोट कोंबड्यांवर. तिच्या आणि आमच्या अंगणात एक बुटकी भिंत. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. अकरा. त्यातली एक खुडूक होऊन टोपलीत अंड्यांवर बसलेली, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, पाच ठेवा. सहा हलवाव्या लागतील," मी म्हणालो.

"माझ्या पाचच हायेत, बाबा. बाकीच्या सहा बटईच्या."

बटई म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. ज्याला जागा नाही तो आपली कोंबडी दुसऱ्याकडं सांभाळायला देतो, आणि होतील त्या पिल्लांची निम्मी-निम्मी वाटणी. कागद नाही, अंगठा नाही, सगळं शब्दावर. माझं कलम नेमकं यासाठीच होतं. मी खूश झालो, खरंच खूश झालो, आणि विचारलं, कुणाच्या? मावशी माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, शब्द दिलाय, सांगता यायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. निम्मा गाव जमला होता. जनामावशी पदर सावरून खांबापाशी उभी. पंचांनी विचारलं, सरपंचांनी विचारलं, तिचं तेच. मग मी उठलो. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, हा मालक कुणीतरी अब्रूदार माणूस असणार, म्हणूनच लपायलाय. असं म्हणून मी पाटलाच्या माडीकडं बघितलं, तर साऱ्यांनी तिकडं बघितलं. मग आवाज चढवला.

"एका विधवा बाईच्या पदराआड लपायला त्या गृहस्थाला लाज कशी वाटत न्हाई?"

मावशीनं मान वर करून माझ्याकडं असं काही बघितलं, की मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. बसता बसता मी उपरणं झटकलं.

सरपंच तिला म्हणाले, नाव सांगितलं न्हाईस तर अकराच्या अकरा तुझ्या धराव्या लागतील, उद्या तुझ्या नावाची दवंडी फिरंल आणि सहा कोंबड्या बाजाराच्या दिवशी बाहेर काढाव्या लागतील. त्या सहा गेल्या तर मावशीला धन्याची भरपाई आपल्या पाचांतून करावी लागणार होती. म्हणजे तिच्या अंगणात काही उरणार नव्हतं. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, मलाही कळत होतं. ती रडली नाही, गयावया केली नाही.

"घ्या माझं नाव," ती म्हणाली. "पण ती अंड्यावर बसलेली हलवू नका. तेरा दिवस झालेत. एकवीस होऊ द्या."

दवंडीचा मजकूर जेवून येऊन लिहितो, असं सांगून मी घरी आलो. हिनं ताट वाढलं, भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मी चावडीवरचं माझं भाषण सांगायला लागलो. ही चुलीसमोर पाठ करून बसलेली. पदराआडचं वाक्य मी दोनदा सांगितलं.

"मावशीचं नाव घालू नका," ती म्हणाली.

"का?"

"त्या सहा आपल्या हायेत."

घास हातातच राहिला. मग तिनं न थांबता सारं सांगितलं. शांता आजारी होती तेव्हा तिचा भाऊ चुडाव्याहून एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, घेऊन आला होता. ती हिनं भिंतीवरनं मावशीच्या हातात दिली. एकीच्या सहा झाल्या. शांता रोज सकाळी देवाला फुलं आणायला मावशीकडं जायची, ती उकडलेलं अंडं खाऊन यायची. फुलं मावशीच तोडून ठेवायची.

"उंबऱ्याच्या आत पीससुद्दा येऊ दिलं न्हाई मी," ती म्हणाली. "डाक्टर सांगायला लागला तवा तुमी उठून आलात. मी न्हाई उठले."

"आणि तुळशीचं पाणी?" हे मी का विचारलं, मला आजही कळत नाही.

"ते बी देत व्हते की. तुमच्या समाधानाला."

मी हात धुतले. आधी राग आला, आणि तो लय आला. ताट सारलं, ओट्यावर येऊन बसलो. मग मनात दुसरंच यायला लागलं. मावशी बोलणार नाही. ही बोलणार नाही. मजकुरात मावशीचं नाव लिहिलं की विषय मिटला. मी हा विचार केला, खोटं कशाला सांगू? बराच वेळ केला. तेवढ्यात शांता धावत आली, एका उडीत त्या बुटक्या भिंतीवर चढली आणि पलीकडं त्या टोपलीशी जाऊन बसली. दोन वर्षांपूर्वी हीच पोर चार पायऱ्यांना दमायची. मला लाज वाटली. पदराआड कोण लपलं होतं ते मला आत्ता कळलं होतं, आणि सांगितलं होतं मीच, भर चावडीत.

मी चावडीवर गेलो आणि मावशीच्या जागी माझं नाव घालून मजकूर लिहिला. सरपंचांनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून हळूच म्हणाले, मुन्शीजी, तुमाला ठाऊक नव्हतं तर राहू द्या की. माझ्या तोंडात "बरं" आलंसुद्धा होतं. पण समोर भिंतीला नियमाचा कागद लावलेला, आणि ठाऊक नव्हतं ही सबब चालणार नाही, हे त्यावर माझ्याच अक्षरात, तांबड्या शाईनं.

मावशीच्या पाच तिच्याकडं राहिल्या. आमच्या पाच तिच्याचकडं राहिल्या. सहावी मेव्हण्याबरोबर चुडाव्याला गेली. अंड्यावरची कुणी हलवली नाही, आणि एकविसाव्या दिवशी तिनं नऊ पिल्लं काढली.

पण दवंडी चुकली नाही. मजकूर लिहिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी किसना गळ्यात हलगी अडकवून आला आणि समोर बसला. याला पाठ व्हायला दुपार होईल, म्हणून मी पाण्याचा तांब्या जवळ घेतला होता. खाली मान घालून वाचलं, "ऐका हो ऐका, मुन्शी केशवराव माळकरी यांच्या चुलीवर सहा कोंबड्या निघाल्या, नियमाला एक जास्त हो." पाण्याचा घोट घेतला आणि दुसऱ्यांदा वाचायला तोंड उघडलं, तर किसना उठून उभा.

"ऱ्हाऊ द्या मुन्शीजी," तो म्हणाला. "पाठ झालं."