गौराक्काचं बोट

गौराक्का मगात बोट बुडवायची आणि डोळे मिटून घ्यायची. मगात कोमट पाणी, पाण्यात लिंबूफुलाची आंबट पूड आणि त्यात तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट. थोडं थांबून ती म्हणायची, "अजून न्हाय." मग आणखी एक चमचा. मोजणी कानडीत चालायची, कारण ती सीमेकडच्या गावची होती आणि आकडे तिला आईच्याच भाषेत यायचे. ओंदु, एरडु, मूरु. मध्येच कधीतरी ती बोट झटकन बाहेर काढायची. "झोंबलं. आता पुरं." मग ते पाणी आमच्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये ओतलं जायचं.

कळंब्याच्या वाटेवर आमची कॉलनी. तलाव जवळ होता, पण नळाला पाणी बोअरचं. गौराक्का आमच्याकडे धुणं-भांडी करायची. सत्त्याण्णव साली आम्ही मशीन घेतलं, तेव्हा तिला काय सांगायचं याची मी दोन दिवस उजळणी केली होती. मशीन आल्यामुळे तिची दोन घरांची धुणी आधीच गेली होती. शेवटी एका दमात बोलून टाकलं, "अक्का, धुणं आता मशीन करील. भांडी आणि फरशी मात्र तुझ्याकडेच."

मला वाटलं होतं, आता गाऱ्हाणं ऐकावं लागणार. गौराक्कानं पदर खोचला आणि मशीनच्या काचेसमोर फतकल मारली. पहिलं धुणं पूर्ण होईपर्यंत ती उठली नाही.

"वैनी, ह्यात आपटायला कोण हाय?"

"कोणी नाही. नुसतं फिरतं."

"मग मळ जातो कसा?"

मी शाळेत गणित शिकवते. येत होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. "म्हंजे तुमास्नी बी ठावं न्हाय म्हणा की," असं म्हणून ती भांड्यांकडे वळली.

वर्षभरात मशीनला कुबट वास येऊ लागला आणि टॉवेल वाळल्यावर काटकोनात उभे राहायला लागले. मेकॅनिक आला. दाराचं रबर ओढून आत बॅटरी मारली आणि म्हणाला, ड्रमला क्षार धरलेत, नवा बसवावा लागेल. गौराक्का हातातली कढई तशीच घेऊन मागे उभी होती. तिनं वाकून ड्रममध्ये हात घातला, नखानं पांढरा थर खरवडला आणि मेकॅनिकच्या देखत जिभेवर ठेवला.

"हे तर बंबातलं हाय की," ती म्हणाली. "क्षार धरला म्हणून कुणी बंब फेकत न्हाय. आंबटानं सुटतंय."

मेकॅनिक हसत हसत निघून गेला.

तिच्या माहेरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि तो चिंचेनं घासायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. तेव्हा दुसऱ्या दिवशी अर्धा किलो भिजवलेली चिंच फडक्यात बांधून आमच्या मशीनमध्ये गेली. मी अडवायला हवं होतं. पण काय होतंय ते बघण्याची मलाच जास्त घाई झाली होती. दहा मिनिटांत फडक्याची गाठ सुटली, आतून चिंचोके खडखडायला लागले, पाणी सुटायच्या नळीत चिंचेचे दोरे अडकले आणि पंप बंद पडला. आमचे हे ऑफिसातून आले ते दारातच थांबून म्हणाले, "आमटी कोणाकडे शिजतेय?" तोच मेकॅनिक परत बोलवावा लागला. तो एकेक चिंचोका काढून फरशीवर ओळीनं मांडत गेला. गौराक्का ढिम्म. "चूक चिंचंची न्हाय," ती म्हणाली, "गाठीची हाय." आणि माझा हात धरून तिनं तो ड्रमच्या आत फिरवला. चिंच लागली होती तिथं पत्रा गुळगुळीत झाला होता.

मग चोथा नसलेलं आंबट हवं म्हणून मी फरसाणात घालतात ते लिंबूफूल आणलं. ते पाण्यात विरघळवून ड्रममध्ये ओतायचं, गरम पाण्यावर मशीन रिकामंच फिरवायचं, मध्येच तासभर बंद ठेवायचं आणि शेवटी दोनदा साध्या पाण्यानं खळबळायचं. पहिल्या वेळी नळीतून अंड्याच्या टरफलासारखे पांढरे कपचे न्हाणीत येऊन पडले. गौराक्कानं ते ओंजळीत धरून कॉलनीभर दाखवले.

मग ज्या घरांनी तिच्याकडून धुणं काढून घेतलं होतं, तीच घरं तिला ड्रम धुवायला बोलावू लागली. तिचे नियमही तयार झाले. त्यातला मोठा असा, "एका येळंला एकच. आंबट तर आंबट, पावडर तर पावडर." पलीकडच्या गल्लीत एका बाईंनी लिंबूफुलावर ब्लीचिंग पावडर टाकली आणि घरची माणसं खोकत अंगणात पळाली, तेव्हापासून त्या नियमाला कोणी हसलं नाही.

मला मात्र कोडं होतं ते बोटाचं. तिनं "झोंबलं" म्हटलं की मीही मगात बोट घालून बघायची. काही म्हणजे काही कळायचं नाही. "वैनी, तुमच्या बोटाला कुठलं समजतंय? त्याला वर्सं जात्यात," ती म्हणायची आणि मला ते पटायचं. शाळेत मी तिच्या बोटाच्या गोष्टी सांगायची. गणिताची सवय, म्हणून तिच्या नकळत चमचेही मोजले. आमच्या मगाला ती दर वेळी सहाव्या चमच्याला थांबायची. इतकं अचूक बोट! मला तिचा अभिमान वाटायचा.

दोन हजार पाचच्या सुमारास तिच्या हातात उरलेलं शेवटचं धुणंही सुटलं. तिथंही मशीन आलं. त्यानंतर काही महिन्यांनी ती आमचा ड्रम धुवायला बसली. सहा चमचे झाले. सात झाले. नववा पडला तरी तिचं आपलं "अजून न्हाय" चालूच.

"वैनी, लिंबूफूल भेसळीचं आलंय."

मी दुसऱ्या दुकानातून नवं पाकीट आणलं. मगातलं पाणी ओतून पुन्हा सुरुवात. पुन्हा दहाव्या चमच्यापर्यंत काही नाही. मी थेंबभर जिभेवर घेतला तर दात आंबले. गौराक्का मगाकडे बघत बसली होती.

"बोट गेलं माझं," ती म्हणाली. "आता कोण बोलवंल मला?"

"दाखव बघू हात," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत तिचा हात मी पहिल्यांदा हातात घेतला. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला काळसर रेषा होत्या, जुन्या आणि बुजलेल्या. कपड्यांच्या सोड्यानं पडलेल्या भेगा. धुणं सुटलं आणि त्या भरून आल्या होत्या. झोंबायला आता काही शिल्लक नव्हतं.

मी ते तिला सांगितलं, तशी तीही आपला हात उलटासुलटा करून बघत राहिली, परक्या कुणाचा असावा तसा. "व्हय की," ती म्हणाली. "भरल्यात."

तिला धीर यावा म्हणून मी घाईनं म्हणाले, "अक्का, बोट नको आता. सहा चमचे घाल. मी मोजलेत ना, दर वेळी सहाच होतात."

"कवापासनं मोजताय?"

"पहिल्या वर्षापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मग बोलला न्हाईसा कधी?"

मला ती कला वाटत होती, आणि कला बघायला मला आवडत होतं, एवढंच खरं आहे. मला लाज वाटली. गौराक्कानं मात्र चमचा उचलला, मगातलं पाणी पुन्हा ओतून दिलं आणि मोजायला सुरुवात केली. सहावर थांबली.

पुढे बरीच वर्षं ती सहा चमच्यांवर सगळ्यांचे ड्रम धूत राहिली. मग गुडघे थकले आणि ती हातकणंगल्याला लेकीकडे राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "गाठ पक्की मारत जावा." दोन पावसाळ्यांनी लेकीचा फोन आला. गौराक्का गेली होती.

मशीन आता दुसरं आहे, ड्रम मीच धुते, पाण्याचा मग मात्र तोच. गेल्या थंडीत विळीवर माझं बोट कापलं होतं. कापल्याचं विसरून मी मगात एकेक चमचा लिंबूफूल टाकून त्याच बोटानं ढवळत होते. झोंबलं. हात झटकला, आणि मग आठवलं की मी चमचे मोजत होते.

सहावा होता.